आधी भिंतीकडे बघ, मग शेगडीकडे

अगं, तू पाठवलेले इंडक्शन शेगड्यांचे फोटो सगळे बघितले. काळी काच, निळे आकडे, कडेला चकचकीत पट्टी. थोड्या वेळाने मलाही कुठली कुठली ते कळेना, तर तुझं डोकं भणभणलं यात नवल काय! त्यात तो मॉड्युलर किचनवाला म्हणतो ओट्यात बसवायची चार चुलींची घ्या, नवरा म्हणतो एक साधी सुटी आणू, आणि सासूबाईंनी विचारलंय की मग भाकरी कुठे भाजायची. खरं सांगू का, या तिघांत सगळ्यात मुद्द्याचं सासूबाईच बोलल्यात. त्यांच्या प्रश्नाकडे येऊच. पण आधी तो मोबाइल ठेव बाजूला आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीकडे बघ.

ओट्याजवळ प्लग किती आहेत? गिझरला असतो तसा मोठ्या भोकांचा एकतरी आहे का? तो १६ अँपिअरचा. आपण मिक्सर लावतो तो लहान, ६ अँपिअरचा. आता हिशोब सोपा आहे बघ. शेगडीवर वॉट लिहिलेले असतात, त्यांना २३० ने भागायचं की अँपिअर मिळतात. २००० वॉटची शेगडी पूर्ण जोरात चालली की जवळजवळ ९ अँपिअर ओढते. लहान प्लगच्या आवाक्यातलं काम नाही ते. मोठी पिन लहान प्लगमध्ये घुसवायला बाजारात जोड मिळतो, स्वस्त असतो आणि दुकानदार न विचारता हातात ठेवतो. घेऊ नकोस. एक्स्टेन्शन बोर्ड तर नकोच नको.

मोठा प्लग असला तरी वायरमनला एकदा बोलाव. त्याला तीन गोष्टी विचारायच्या: या प्लगला आतून वायर कितीची आहे (२.५ स्क्वेअर एमएमची तरी हवी), अर्थिंग खरंच आहे की नुसतं तिसरं भोक आहे, आणि याच वायरवर अजून काय काय चालतं. जुन्या इमारतींत काय असतं, दोन मोठे प्लग दिसतात, पण आतून दोन्ही एकाच वायरवर. मग इंडक्शन आणि ओव्हन एकदम लावलं की एमसीबी पडलाच. अगं, तो पडतो तेच बरं असतं. पडत नाही तिथे काळजी करायची. शेगडी आणल्यावर पहिल्या दिवशी अर्धा तास चालव, बटण बंद करून पिन काढ आणि तिला हात लावून बघ. कोमट ठीक. चटका बसला तर तो प्लग बदलल्याशिवाय पुढे जायचं नाही, डाळ कच्ची राहिली तरी चालेल.

आणि ती ओट्यात बसवायची चार चुलींची? सगळ्या चुली एकदम चालल्या तर ७ किलोवॉटच्या आसपास जाते ती. म्हणजे ३० अँपिअर. तिला मेन बोर्डापासून स्वतंत्र जाड वायर आणि स्वतंत्र ३२ अँपिअरचा एमसीबी लागतो. तुझं वीजबिल काढ आणि त्यावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो तो वाच. तिथे २ किंवा ३ किलोवॉट असेल तर किचनवाल्याला सांग, आधी भार वाढवून आणा, मग बोला. शिवाय ओटा कापावा लागतो, तोही त्या एका मॉडेलच्या मापाने. काही वर्षांनी ती बिघडली आणि त्या मापाची दुसरी मिळाली नाही, तर ग्रॅनाइटमधल्या भोकावर तू काय झाकणार आहेस, पोळपाट? घर भाड्याचं आहे गं तुझं. सुटी शेगडी घे, घर बदललं की ती पिशवीत घालून तुझ्याबरोबर येईल. उद्या स्वतःचं घर झालं, वायरिंग नव्याने करायची वेळ आली, की तेव्हा ओट्यातल्या शेगडीचा विचार कर आणि वायरमनला सुरुवातीलाच सांगून ठेव. तेव्हा मीच तुझ्याबरोबर येईन बघायला.

भिंत झाली. आता भांडी. फ्रिजच्या दारावर ते गणपतीचं लोहचुंबक आहे ना, ते काढ आणि एकेका भांड्याच्या बुडाला लाव. कडेला नको, बुडालाच. घट्ट चिकटलं तर भांडं पास. कारण या शेगडीत काच तापवणारं काही नसतंच. काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, त्याच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याच्या बुडातच वीज फिरते आणि बूड स्वतः तापतं. त्यासाठी बुडात लोखंडाचा गुण हवा. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ, सगळी नापास. मी पहिल्यांदा आईचं कल्हईचं पातेलं ठेवलं, शेगडी नुसतीच टुणटुण वाजत राहिली, आणि मी तावातावाने दुकानदाराशी भांडायला निघाले होते. ह्यांनी दारात अडवलं म्हणून अब्रू वाचली.

स्टीलचा मात्र घोळ असतो हं. सगळं स्टील चुंबकाला धरत नाही. लग्नात आलेल्या पातेल्यांतली निम्मी-अधिक नापास झाली तर रडू नकोस, चुंबक चिकटत नाही म्हणजे स्टील वाईट असं नाही. घरातला ॲल्युमिनियमचा कुकर बाद. हार्ड ॲनोडाइज्ड काळं भांडंही आतून ॲल्युमिनियमच, बुडाला स्टीलची चकती बसवलेली असेल तरच चालतं. ‘इंडक्शन बेस’ असं लिहिलेलं असतं ते याचसाठी. आणि बूड सपाट हवं. पोळीचा तुझा तवा जरासा खोलगट असणार, आपल्याकडे असतोच. तो या काचेवर भोवऱ्यासारखा फिरतो. गोल बुडाची कढईही तशीच बाद.

आता घाबरून सगळा संसार नवा घ्यायला निघू नकोस. एक कुकर, एक सपाट बिडाचा किंवा लोखंडी तवा, जाड बुडाचं एक पातेलं आणि सपाट बुडाची एक कढई. एवढ्यावर सुरुवात होते. कुणी सांगेल की लोखंडी चकती मिळते, ती शेगडीवर ठेवायची आणि वर कुठलंही भांडं. चालतं, पण मग आधी चकती तापणार, मग तिच्यावरचं भांडं, म्हणजे इंडक्शनचा वेग आणि बचत दोन्ही चकतीनेच खाल्लं. आणि कुणी ‘सगळी भांडी चालणारी शेगडी’ दाखवली तर ती इन्फ्रारेड असते. तीत काचेखाली तापणारी तार असते. वाईट नाही, पण वेगळी वस्तू आहे. काच लालबुंद होते आणि बंद केल्यावरही बराच वेळ भाजते. नाव नीट वाचून घे, फोटोत दोघी सख्ख्या बहिणी दिसतात.

आता शेगडी निवडायची कशी, ते सांगते. जाहिरातीत लिहीत नाहीत अशा दोनच गोष्टी बघायच्या, आणि रोजचा स्वयंपाक त्या दोन्हींवरच अवलंबून आहे.

पहिली म्हणजे आतल्या वेटोळ्याचा आकार. वरची काच चांगली हातभर असते, त्यावर मोठं गोल वर्तुळ छापलेलं असतं, आणि आतलं वेटोळं बशीएवढं निघतं! मग होतं काय, तव्याच्या मधोमध पोळी करपते आणि कडा पांढऱ्याच राहतात. आपण आपल्या हाताला दोष देत बसतो. दुकानात त्यांना म्हण, एकदा चालवून दाखवा. सपाट रुंद भांड्यात बोटाच्या पेराएवढंसुद्धा नको, अगदी पातळ थर होईल एवढंच पाणी घाल आणि मोठ्यावर ठेव. बुडबुडे पहिल्यांदा कुठे धरतात ते वाकून बघ. जिथे बुडबुड्यांची चकली उठते, तेवढंच आतलं वेटोळं. ती चकली तुझ्या तव्याच्या बुडाच्या जितकी जवळपास, तितकी ती शेगडी तुझ्या कामाची. दुकानदार वैतागेल. वैतागू दे, पैसे तू देणार आहेस.

दुसरी गोष्ट मंद आचेची. बघ, गॅस बारीक केला की ज्योत खरंच बारीक होते. स्वस्त इंडक्शनमध्ये ३०० वॉटचं बटण दाबलं तरी ती ३०० वर चालत नाही. ती काही सेकंद जोरात चालते, मग बंद पडते, पुन्हा जोरात चालते. सरासरी ३००. कान देऊन ऐक, घूंऽऽ, शांत, पुन्हा घूंऽऽ. भाजी शिजवायला याने काही बिघडत नाही. पण दूध? खीर? रवा भाजणं? तूप कढवताना तर फेस असा वर येतो, खाली बसतो, वर येतो, की तिथून हलायची सोय नाही. बासुंदी बुडाला लागते ती याच धक्क्यांनी. म्हणून दुकानात त्याच पाण्याला उकळी आली की सगळ्यात कमी आकडा लाव आणि बघत राहा. पाणी हलकं हलकं सतत रटरटलं तर उत्तम. उकळलं-थांबलं, उकळलं-थांबलं करायला लागलं, तर त्या थांबण्यात किती वेळ जातो ते बघ. थोडक्यात आटोपत असेल तर जाड बुडाचं पातेलं ते सांभाळून घेतं. फार वेळ थांबत असेल तर पुढची दाखवा म्हणायचं.

बटणांचं पटकन सांगते. काचेवर नुसतं बोट टेकवायची बटणं दिसायला सुरेख, पण कणकेच्या हाताला, ओल्या बोटाला ती दाद देत नाहीत, आणि ओट्यावरचं पाणी तिथवर गेलं की आपल्या मनाने वाजायला लागतात. दाबायची बटणं किंवा फिरवायची कळ असेल तर तीच घे. वॉट थेट कमी-जास्त करता यायला हवेत. इडली, डोसा, करी, रोटी असली नावं लिहिलेली बटणं म्हणजे ठरावीक वॉट आणि ठरावीक वेळ, बाकी काही नाही. पुरणपोळीचं बटण अजून कुणी काढलेलं नाही, तेव्हा त्यांच्यावर पैसे घालू नकोस. दोन चुलींची सुटी शेगडी बघत असशील तर एकच विचार: दोन्ही एकदम पूर्ण चालतात का? काही शेगड्यांत एक वाढवली की दुसरी आपोआप मंदावते, मग डाळ आणि पोळी एकमेकींचे पाय ओढत बसतात.

बिलाची धास्ती तुला आहे ते कळलं मला, तू दोनदा विचारलंस. चल, हिशोबच मांडू. आपला सिलिंडर १४.२ किलोचा. त्यातल्या गॅसची सगळी उष्णता विजेत मोजली तर १८० युनिटच्या आसपास भरते. पण गॅसची बरीच आच भांड्याच्या कडेने वर निघून जाते. चांगली शेगडी असेल तरी दोनतृतीयांशच्या आसपासच भांड्याला मिळते. इंडक्शनमध्ये वाया फार कमी जातं, ८५ टक्क्यांच्या आसपास कामी येतं. त्यामुळे एका सिलिंडरचा स्वयंपाक इंडक्शनवर सव्वाशे ते दीडशे युनिटमध्ये होतो असं धर. आता महावितरणच्या बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटला टप्पे बदलतात. तुझी वाढीव युनिटं कुठल्या टप्प्यात पडतात, त्या टप्प्याचा दर घे, त्यात वहन आकार आणि वीज शुल्क मिळव, आणि मग सिलिंडरच्या किमतीशी ताडून बघ. दर वाढतो तो टप्प्याच्या वरच्या युनिटांना, सगळ्या बिलाला नाही, एवढं सासऱ्यांना समजावून सांग म्हणजे ते दर महिन्याला मीटर बघायला जाणार नाहीत. तुमचा एसी उन्हाळ्यात चालतो, तेव्हा तुम्ही आधीच वरच्या टप्प्यात असता. त्या महिन्यांत गॅस जास्त वापर. थंडीत इंडक्शन. असं आलटून पालटून चालतं गं, कुणी शपथ घातलेली नाही.

म्हणूनच माझं स्पष्ट मत: गॅस काढायचा नाही. दोन बर्नरची शेगडी राहू दे, शेजारी एक इंडक्शन. वीज गेली तर घरातला इन्व्हर्टर पंखे-दिवे सांभाळेल, त्याला ही शेगडी झेपायची नाही. आणि आता सासूबाईंचा प्रश्न. भाकरी इंडक्शनवर होते. बिडाचा सपाट तवा मध्यम आचेवर नीट तापू द्यायचा, एकदम जोरात रिकामा तापवायचा नाही, तवा वाकतो नाहीतर तडकतो. भाकरी टाकायची, पाणी फिरवायचं, उलटायची, आणि शेवटी फडक्याने कडेकडेने दाबत फिरवायची. फुगते. पण विस्तवावर शेवटची बाजू धरल्यावर येते ती चव आणि ते काळे ठिपके येत नाहीत, हे मी तुझ्या सासूबाईंशी खोटं बोलणार नाही. फुलक्याचंही तसंच. आणि भरताचं वांगं, भाजलेला पापड, वाटणासाठी भाजायचं सुकं खोबरं आणि कांदा, यांना ज्वाळाच हवी. सासूबाईंना म्हणावं, भाकरी तुमच्या गॅसवर, कुकर आणि चहा माझ्या इंडक्शनवर. बघ, घरात शांतता राहील.

कुकरवरून आठवलं. शिट्ट्या मोजायची सवय इथे मोडावी लागेल. इंडक्शन मोठ्यावर असलं की वाफ इतकी झटकन धरते की तीन शिट्ट्या पटापट होतात आणि आत तूरडाळ तशीच दाणेदार! पहिली शिट्टी झाली की ४००–५०० वर आण आणि घड्याळ लाव. वेळ तुझ्या कुकरप्रमाणे दोन-चार दिवसांत बसेल. फोडणीही तशीच. तेल गॅसपेक्षा भसकन तापतं, त्यामुळे मोहरी, हिंग, हळद हाताशी काढून ठेवल्याशिवाय बटण दाबायचं नाही, आणि मोठ्यावर तर मुळीच नाही. फोडणीची छोटी पळी मात्र शेगडीला दिसतच नाही, साधारण १२ सेंटिमीटरपेक्षा लहान बूड असलं की बऱ्याच शेगड्या चालू व्हायला नकार देतात. ती पळी गॅसवरच.

घरात आणल्यावरचं थोडं सांगते, ते ऐक. ओट्यावर ठेवताना खाली वर्तमानपत्र, प्लास्टिक, टॉवेल काही अंथरायचं नाही, पंख्याला हवा खालून लागते. भिंतीला चिकटवायची नाही. स्वयंपाक झाला की लगेच मेन बटण बंद करू नकोस, आतला पंखा थोडा वेळ फिरतो तो फिरू दे. आणि झुरळं! त्यांना त्या पंख्याच्या जाळीतली ऊब फार आवडते. आत गेली की सर्किटवर फिरतात आणि एक दिवस शेगडी मुकी होते. रात्री काच पुसून, जाळीवरून कोरडा ब्रश फिरवून, शक्य असेल तर उभी करून ठेव.

काचेला तारेची घासणी लावायची नाही, मऊ ओलं फडकं पुरतं. बिडाचा तवा ओढायचा नाही, उचलून ठेवायचा. गुळाचा किंवा साखरेचा पाक सांडला तर मात्र गार व्हायची वाट बघू नकोस. शेगडी बंद कर, जाड ओलं फडकं घे आणि काच गरम असतानाच जपून पूस. वाळला की काचेचा पापुद्रा घेऊनच निघतो तो. संक्रांतीच्या आधी हे वाक्य परत वाच. ‘इंडक्शनची काच भाजत नाही’ हेही अर्धंच खरं आहे, भांड्याच्या उष्णतेने ती चांगली तापलेली असते, घरातल्या छोटीला तेवढं सांगून ठेव. आणि सासऱ्यांना पेसमेकर आहे ना? त्यांनी चालू शेगडीपासून दोन फूट तरी लांब राहावं असं सांगतात. तरी घ्यायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना एक फोन कर. चहा त्यांनी गॅसवर करावा, झालं.

पैशाचं म्हणशील तर चांगली सुटी एका चुलीची शेगडी तीन-चार हजारांच्या आत मिळते. त्याहून स्वस्तही असतात, पण मघाशी सांगितलेली मंद आचेची परीक्षा त्यांची जास्त कडक घे. वॉरंटीत फुटलेली काच बहुधा धरत नाहीत, ते कार्डावर वाच. आणि सर्व्हिस सेंटर तुमच्या गावात आहे का ते दुकानातूनच फोन लावून खात्री कर. पत्ता छापलेला असतो, माणूस असतोच असं नाही.

तर शनिवारी सकाळी जा, दुकान उघडल्या उघडल्या, रविवारच्या गर्दीत तुला कुणी पाणी उकळून दाखवणार नाही. पिशवीत लोहचुंबक, एक सपाट तवा आणि रुंद पातेलं घेऊन जा. हसले तर हसू देत. दोनपैकी कुठली असं अडलं तर मला तिथूनच फोन कर, फक्त साडेआठच्या आधी नको गं बाई, तेव्हा माझे डबे चाललेले असतात.